फेअर ट्रेड आणि नाशिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्ष, कांदा आणि भाजीपाल्याच्या शेतकरी उत्पादक कंपन्या, येवल्याचे विणकर आणि पेठ-सुरगाणा-त्र्यंबकेश्वर भागातले महिला बचत गट यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं आहेत. नियमांचे आकडे अधूनमधून बदलतात. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी आपल्या पिकाचा नियम आणि भावाचा चालू तक्ता एकदा पाहून घ्यावा.

फेअर ट्रेड म्हणजे परदेशी संस्थांची मदत का?

नाही. इथे कोणी देणगी देत नाही, माल विकला जातो. फरक इतकाच की भाव, आगाऊ रक्कम, कराराची मुदत आणि मजुरांची वागणूक आधी लिहून ठरते आणि ती पाळली जाते की नाही हे बाहेरचा माणूस येऊन तपासतो. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद दिल्लीत भरली होती. ‘मदत नको, व्यापार द्या’ ही घोषणा त्या परिषदेशी जोडलेली आहे आणि सगळ्या चळवळीचा गाभा तोच आहे.

‘फेअरट्रेड’चा शिक्का आणि ‘फेअर ट्रेड’ यांत फरक आहे का?

आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जोडून लिहिलेला ‘फेअरट्रेड’ हा एका विशिष्ट संस्थेचा शिक्का आहे. सुटं लिहिलेलं ‘फेअर ट्रेड’ ही व्यापक चळवळ.

शिक्क्यामागे फेअरट्रेड इंटरनॅशनल ही संस्था आहे. ती १९९७ मध्ये स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय जर्मनीतल्या बॉन शहरात आहे. नियम आणि किमान भाव ती ठरवते. तपासणी मात्र फ्लोसर्ट ही वेगळी कंपनी करते. आशिया आणि पॅसिफिकमधल्या उत्पादकांचं जाळं ‘नॅप’ या नावाने ओळखलं जातं. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेची अशीच दोन जाळी आहेत. फेअरट्रेड इंटरनॅशनलच्या सर्वसाधारण सभेत निम्मी मतं या उत्पादक जाळ्यांकडे असतात. म्हणजे भावाचे नियम फक्त युरोपवाले ठरवतात असं नाही, आपल्या बाजूची माणसंही तिथे बसतात.

दुसरं मोठं जाळं वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनचं, म्हणजे डब्ल्यूएफटीओचं. ते १९८९ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालं, मुख्यालय नेदरलँड्समध्ये आहे. फेअरट्रेडचा शिक्का पिकावर लागतो, डब्ल्यूएफटीओ मात्र अख्खी संस्था तपासते: कारभार, मजुरी, हिशोब, सगळं. हस्तकला आणि हातमागासाठी हा रस्ता जास्त सोयीचा पडतो. भारतात या बाजूचं काम फेअर ट्रेड फोरम इंडिया ही दिल्लीस्थित संस्था २००० पासून करते.

थोडक्यात, द्राक्ष, कापूस, तांदूळ यांसाठी पहिला रस्ता, पैठणीसाठी दुसरा.

किमान भाव म्हणजे सरकारी हमीभावासारखंच ना?

दिसायला तसंच, पण वागतं वेगळं. फेअरट्रेडचा किमान भाव हा तळ असतो. बाजारभाव त्याच्या खाली गेला तरी खरेदीदाराला किमान भाव द्यावाच लागतो, आणि बाजार वर गेला तर बाजारभाव द्यावा लागतो. २००१ च्या सुमारास जागतिक बाजारात कॉफी पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेली होती, तेव्हा फेअर ट्रेडचे खरेदीदार १ डॉलर २६ सेंट देत होते. पुढे ऑगस्ट २०२३ पासून धुतलेल्या अरेबिका कॉफीचा किमान भाव पौंडाला १ डॉलर ८० सेंट झाला.

हमीभाव सरकार जाहीर करतं आणि खरेदी सुरू होईल का याची वाट पाहावी लागते. इथे किमान भाव कराराचाच भाग असतो. पण हा भाव फक्त फेअरट्रेडच्या अटीवर विकलेल्या मालाला लागू होतो. प्रमाणपत्र असलेल्या कंपनीचा उरलेला माल नेहमीच्या बाजारात नेहमीच्याच भावाने जातो.

तक्ता वाचताना भाव कोणत्या टप्प्याचा आहे ते पाहा. ‘एक्स वर्क्स’ म्हणजे तुमच्या पॅकहाऊसच्या दारातला भाव. ‘एफओबी’ म्हणजे माल मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा भाव, त्यात खोकी, पॅकिंग, प्रीकूलिंग, कंटेनरची वाहतूक, बंदराचा खर्च सगळं आलं. एफओबीचा आकडा पाहून सभासदांना ‘एवढा भाव मिळणार’ असं सांगून टाकलं की हंगाम संपल्यावर सभेत भांडण ठरलेलंच.

प्रीमियम म्हणजे काय? तो कोणाच्या खात्यात जातो?

प्रीमियम हा भावाव्यतिरिक्तचा पैसा. तो कोणा एका शेतकऱ्याच्या नव्हे, संघटनेच्या खात्यात येतो. केळीला १८.१४ किलोच्या खोक्यामागे १ डॉलर प्रीमियम असतो. एका कंटेनरमध्ये साधारण १,०८० खोकी बसतात, म्हणजे कंटेनरमागे १,०८० डॉलर. सरकी काढण्यापूर्वीच्या कापसाला किलोमागे ५ युरोसेंट आहे. १०० टन कापूस फेअरट्रेडच्या अटीवर विकला तर ५,००० युरो होतात.

हा पैसा कशावर खर्च करायचा ते सर्वसाधारण सभेत सभासद ठरवतात. शेततळं, माती तपासणी, शीतगृहाचा हप्ता, शाळेची भिंत, काहीही चालतं, फक्त ठराव आणि हिशोब हवा. रोख वाटायचा असेल तर तोही ठराव सभेतच व्हायला हवा. संचालक मंडळाने परस्पर ठरवलं तर ऑडिटमध्ये त्रुटी लागते. आमचा आग्रह असा की प्रीमियमसाठी बँकेत वेगळं खातं उघडावं. एकाच खात्यात सगळे पैसे आले की खताचं बिल आणि प्रीमियम एकमेकांत मिसळतात आणि वर्षाअखेरीस कोणालाच उलगडा होत नाही.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी पात्र आहे का?

कंपनी कायद्याखाली १० उत्पादकांपासून उत्पादक कंपनी नोंदता येते आणि शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत असतं. ही गोष्ट फेअरट्रेडच्या नियमांशी छान जुळते. पण नियम कागदावर असणं आणि सभेत मत खरंच घेतलं जाणं यात अंतर असतं. दोन-तीन कुटुंबांनी चालवलेली आणि बाकी सभासदांना सभेची नोटीससुद्धा न जाणारी कंपनी इथे टिकत नाही.

लहान उत्पादक संघटना म्हणून जायचं असेल तर किमान दोन-तृतीयांश सभासद लहान शेतकरी असावे लागतात. द्राक्षासारख्या मजुरीवर चालणाऱ्या पिकांत लहान कोण हे ठरवताना क्षेत्राबरोबर कायम मजूर किती आहेत तेही पाहतात. एका मालकाची मोठी बाग असेल तर तिला वेगळे नियम लागतात. तिथे प्रीमियम मालकाला मिळत नाही, मजुरांच्या समितीकडे जातो.

अर्ज कसा करायचा?

अर्ज थेट फ्लोसर्टकडे ऑनलाइन करायचा. मध्ये एजंट लागत नाही. ‘लाख रुपये द्या, सर्टिफिकेट आणून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

त्याआधी घरचं काम करावं लागतं. आपल्या पिकाला आणि देशाला नियमांचा आणि भावाचा तक्ता आहे का ते पाहा, नसेल तर पुढचे श्रम वाया जातील. मग नॅपशी संपर्क करा. त्यांची माणसं नियम समजावून सांगतात आणि ऑडिटपूर्व तयारीत मदत करतात. अर्ज, अर्ज शुल्क, कागदपत्रं आणि त्यानंतर पहिलं ऑडिट, असा क्रम आहे. ऑडिटर दप्तर तपासतो, काही सभासदांच्या शेतावर जातो, मजुरांशी मालकाच्या गैरहजेरीत बोलतो. त्रुटी निघाल्या तर दुरुस्तीला मुदत मिळते. प्रमाणपत्राचं चक्र तीन वर्षांचं असतं आणि मधल्या काळातही तपासणी होते.

शुल्क सभासद संख्या आणि पिकांवर ठरतं आणि दरवर्षी भरावं लागतं. लहान संघटनांना त्यात सवलत किंवा अनुदान मिळू शकतं का, ते अर्ज करतानाच विचारा. नंतर कोणी आपणहून सांगत नाही.

कोणती कागदपत्रं आधी तयार ठेवावीत?

सभासदांची यादी सगळ्यात आधी: नाव, गट नंबर, सातबाऱ्याप्रमाणे क्षेत्र, त्यातलं पिकाखालचं क्षेत्र, छाटणीची तारीख आणि अंदाजे उत्पादन. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव आणि कंपनीत सभासद मुलगा, हे नाशिकमध्ये घरोघरी आहे. त्यासाठी कुटुंबाचं संमतीपत्र जोडून ठेवा, नाहीतर माल कोणाचा हा प्रश्न उभा राहतो.

निर्यातीच्या द्राक्षाचे प्लॉट ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर नोंदलेले असतात आणि फवारणी वही असतेच. तीच माहिती इथे वापरता येते, दुसऱ्यांदा लिहू नका. मात्र फेअरट्रेडची घातक रसायनांची स्वतःची यादी आहे. लाल यादीतलं औषध वापरता येत नाही, नारिंगीला अटी आहेत, पिवळ्यावर लक्ष ठेवलं जातं. दुकानदार व्यापारी नाव सांगतो आणि यादीत घटकाचं नाव असतं. म्हणून वहीत दोन्ही लिहायची सवय लावा.

त्याशिवाय सभांची इतिवृत्तं सह्यांसह, विक्रीची बिलं आणि कोणत्या सभासदाचा किती किलो माल कोणत्या खेपेत गेला त्याची नोंद. शेवटची नोंद बहुतेकांकडे नसते. पॅकहाऊसला क्रेट आले की चिठ्ठी फाडली जाते आणि हंगाम संपेपर्यंत ती चिठ्ठी कुठेतरी भिजून गेलेली असते.

बागेत टोळ्या कामाला येतात. त्यांचं काय?

हा प्रश्न विचारला जातो तेव्हा आवाज जरा खाली येतो. खरं तर नाशिकमध्ये फेअर ट्रेडचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. निफाड-दिंडोरीच्या बागा पेठ, सुरगाणा आणि गुजरातमधल्या डांगहून येणाऱ्या टोळ्यांवर चालतात. खरड छाटणी (उन्हाळ्यातली), गोडी छाटणी (फळासाठीची), डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, काढणी ही सगळी कामं त्यांच्या हातून होतात. शेतकऱ्याला योग्य भाव मिळाला आणि टोळीला मिळाला नाही, तर त्या भावाला योग्य म्हणता येणार नाही.

लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्र असलेल्या भागांत शेतमजुरांची मजुरी इतर भागांपेक्षा बऱ्याचदा कमी आढळली, असा त्याचा निष्कर्ष होता. फेअरट्रेडने त्यातल्या तुलनेच्या पद्धतीवर हरकत घेतली. तरीही मुद्दा गंभीर आहे: लहान शेतकऱ्याच्या शेतावरचा हंगामी मजूर सगळ्यांच्या नजरेतून निसटतो.

प्रत्यक्षात तीन गोष्टी कराव्या लागतात.

उक्त्याचा, म्हणजे एकरावर ठरवून दिलेल्या कामाचा, हिशोब दिवसावर उतरवून पाहा. समजा विरळणीचा एकरी रेट १२,००० रुपये ठरला, टोळीत १० माणसं आणि काम ४ दिवस चाललं. म्हणजे माणशी दिवसाला ३०० रुपये. त्यातून मुकादमाने १० टक्के कापले तर हातात २७०. हा आकडा शेतमजुरीच्या चालू किमान वेतनाशी ताडून पाहा. माणसाच्या हातात पडणारी रक्कम त्याखाली जात असेल तर रेट चुकला आहे, मग सगळ्या गावाचा रेट तोच असला तरी. मुकादमाचं कमिशन मजुरीतून न कापता मालकाने वेगळं दिलं की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ दिलेले पैसे, हा दुसरा मुद्दा. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा दिलेली उचल ही त्या कुटुंबाची गरज असते, आणि ती देण्यात गैर काही नाही. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही, गेलात तर वस्तीवर माणसं पाठवू, असं झालं की ती वेठबिगारी होते. नियमांत आणि भारताच्या कायद्यातही. उचल लिहून द्या, मजुराच्या नावावर द्या (मुकादमाच्या नाही), व्याज लावू नका, आणि आठवड्याच्या हिशोबात किती कापली ते दोघांच्या सहीने किंवा अंगठ्याने नोंदवा.

तिसरं राहणं. पाल टाकून बांधावर राहणाऱ्या टोळीला पिण्याचं पाणी, संडास आणि फवारणीपासून दूर अशी जागा हवी. औषधाचे रिकामे डबे पाणी भरायला वापरले जातात, हे अजूनही दिसतं. डबे भोकं पाडून कुलूपबंद ठेवा. ऑडिटर सगळ्यात आधी तिकडेच पाहतो, आणि पाहायलाच हवं.

टोळीबरोबर मुलं येतात. ती शेतात दिसली तर प्रमाणपत्र जातं का?

मूल शेताच्या बांधावर असणं आणि मूल कामाला असणं यात फरक केला जातो. १५ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि १८ वर्षांखालच्या कोणालाही फवारणी, डिपिंगचं द्रावण कालवणं, रात्रीचं काम अशी धोक्याची कामं देता येत नाहीत. वयाचा पुरावा हजेरीबरोबर ठेवा.

मुलांना हाकलून देणं हा उपाय नाही, आई काम सोडून जाते किंवा मूल एकटं वस्तीवर राहतं. हंगामापुरतं पाळणाघर चालवणं, जवळच्या जिल्हा परिषद शाळेशी बोलून तात्पुरता प्रवेश घेणं, हे प्रीमियममधून करता येतं. आमच्या मते पहिल्या वर्षीचा प्रीमियम यावरच खर्च व्हावा.

व्यापारी माल नेतो आणि पैसे बुडवतो. फेअर ट्रेडमध्ये हे थांबतं का?

प्रमाणित साखळीत बऱ्याच अंशी थांबतं. डब्ल्यूएफटीओच्या नियमांत हस्तकलेच्या ऑर्डरला उत्पादकाने मागितल्यास किमान ५० टक्के आगाऊ रक्कम बिनव्याजी द्यावी लागते. खाद्यपदार्थांना ५० टक्के वाजवी व्याजाने. फेअरट्रेडच्या अनेक पिकांत कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ मागण्याचा हक्क आहे. ‘मागितल्यास’ हा शब्द महत्त्वाचा. न मागणाऱ्याला कोणी देत नाही. अशी रक्कम परदेशातून आली तर बँकेला करार दाखवून ती एक्स्पोर्ट अ‍ॅडव्हान्स म्हणूनच नोंदवून घ्या.

बाहेरून येणाऱ्या हंगामी व्यापाऱ्याला मात्र यातला एकही नियम बांधत नाही. तिथे सौदा पावतीच कामाची: वाण, भाव, किती शुगरला काढणी, काढणीची तारीख, क्रेटची घट किती धरायची, पैसे किती दिवसांत, आणि रक्कम खात्यावर जमा झाल्याशिवाय दुसरी गाडी भरायची नाही. शेवटची अट ओळखीपोटी मोडली जाते आणि फसवणूक तिथेच होते.

युरोपात माल उतरल्यावर ‘क्वालिटी खराब’ म्हणून भाव पाडतात. त्याला काही इलाज?

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं जे संजीवक आपण सीसीसी म्हणून ओळखतो, त्याचे अंश किलोला ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडल्याने युरोपात द्राक्षाचे कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांचं जबर नुकसान झालं. अवशेषाच्या मर्यादा कायद्याच्या आहेत, फेअर ट्रेडचा खरेदीदारही त्या सैल करू शकत नाही.

मणीगळ, देठ सुकणं, कूज अशा तक्रारींचं मात्र करारात ठरवता येतं. माल कोण तपासणार, उतरल्यापासून किती तासांत कळवणार, फोटोत खोक्याचा बॅच नंबर दिसलाच पाहिजे, तिसऱ्या पक्षाचा सर्व्हे कोणाच्या खर्चाने, आणि वाटेतलं तापमान बिघडलं असेल तर नुकसान कोणाचं. प्रत्येक कंटेनरमध्ये टेम्परेचर लॉगर टाका आणि त्याचा आलेख मागून घ्या. कूज तुमच्या बागेतली की बोटीवरची, हे बऱ्याचदा त्या आलेखावरून कळतं.

कांद्याला याचा उपयोग आहे का?

फारसा नाही. ७ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी जाहीर झाली. ४ मे २०२४ ला ती उठली तेव्हा टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागलं. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं. या काळात लासलगावला भाव कोसळले ते धोरणामुळे. कोणताही शिक्का त्यावर उपाय नव्हता. बंदी असताना करारही पाळता येत नाही. सुकवलेला कांदा किंवा पावडर करून प्रक्रियेच्या साखळीत जाणाऱ्यांनी वेगळा विचार करावा, तिथे खरेदीदार स्थिर असतो.

मालेगाव-येवल्याकडे कापूस आहे. तो चालेल?

बीटी वाण असेल तर नाही. फेअरट्रेडमध्ये जनुकीय बदल केलेलं बियाणं चालत नाही आणि भारतात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून दुकानात जवळपास तेच मिळतं. म्हणजे आधी बिगर-बीटी बियाण्याची सोय, मग प्रमाणपत्र. शेजारच्या शेतातून परागकण आणि जिनिंगमध्ये होणारी भेसळ हे दोन धोके आहेत. वेचणीच्या गोण्यासुद्धा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पैठणीचा ‘योग्य मोबदला’ कसा काढायचा?

येवल्यात बरेच विणकर व्यापाऱ्याकडून रेशीम आणि जरीचा धागा घेतात आणि साडीमागे मजुरी मिळते. मजुरी बरी वाटते, कारण घरातलं काम त्यात मोजलेलंच नसतं.

समजा एका साडीला ३० दिवस, रोज ८ तास लागले, आणि मजुरी १२,००० रुपये मिळाली. मागावरच्या २४० तासांचा हिशोब केला तर तासाला ५० रुपये, दिवसाला ४००. आता कांडी भरणं, रेशीम उकलणं, ताणा सांधणं हे बहुतेक घरातल्या बाया करतात. त्यांचे ६० तास धरा. एकूण ३०० तासांना १२,००० म्हणजे तासाला ४०, दिवसाला ३२०. विजेचं बिल आणि मागाची दुरुस्ती अजून बाकीच आहे. डब्ल्यूएफटीओच्या पद्धतीत असा तासांचा तक्ता भरावा लागतो आणि त्या भागात जगायला किती लागतं त्याच्याशी तो ताडला जातो. एक महिना वही ठेवा, प्रत्येकाचे तास वेगळ्या रकान्यात. व्यापाऱ्याशी बोलताना वहीचा जितका उपयोग होतो तितका तक्रारीचा होत नाही.

पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे. मानांकन सांगतं की साडी कुठली आणि कशी विणलेली. विणणाऱ्याला काय मिळालं ते त्यात येत नाही. दोन्ही लागतं.

आमचा नागलीच्या पापडांचा बचत गट आहे, दहा बाया. आम्ही अर्ज करावा का?

आत्ता नको. एवढ्या उलाढालीवर आंतरराष्ट्रीय शुल्क परवडणार नाही. आधी सरकारच्या उमेद अभियानातल्या ग्रामसंघाकडून किंवा उत्पादक कंपनीमार्फत माल एकत्र करा. नियम मात्र आजपासून वापरता येतात: खर्चपत्रक सगळ्यांना दिसेल असं भिंतीवर, मजुरी तासावर, आणि नफा वाटपाचा ठराव वहीत. पुढे सभासद झालात तर निम्मं दप्तर तयार असेल.

ग्लोबलगॅप आहे. मग अजून एक प्रमाणपत्र कशाला?

ग्लोबलगॅप माल सुरक्षित कसा पिकवला ते पाहतं. त्याला जोडलेला ‘ग्रास्प’ नावाचा भाग मजुरांच्या बाबी तपासतो. पण भावाबद्दल दोन्ही काही बोलत नाहीत. रेनफॉरेस्ट अलायन्सचा बेडकाचा शिक्का मुख्यतः पर्यावरण आणि कामाच्या परिस्थितीवर आहे, त्यात किमान भाव नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र रसायनांपुरतं. इकोसर्टचा ‘फेअर फॉर लाइफ’ मात्र भाव आणि निधी दोन्ही पाहतो, त्यामुळे तो फेअरट्रेडला खरा पर्याय आहे. तुमचा खरेदीदार कोणता शिक्का मागतो ते आधी विचारा. न मागितलेल्या शिक्क्याचे पैसे कोणी देत नाही.

परदेशातून कमी व्याजाचं कर्ज मिळतं असं ऐकलं.

नेदरलँड्सची ओइकोक्रेडिट १९७५ पासून आणि ब्रिटनची शेअर्ड इंटरेस्ट १९९० पासून या कामासाठी वित्तपुरवठा करतात. लहान गटाला थेट मिळणं कठीण, आणि परदेशी संस्थेकडून थेट कर्ज घ्यायचं तर रिझर्व्ह बँकेच्या बाह्य व्यापारी कर्जाचे नियम लागतात. कंपनी सेक्रेटरीला विचारल्याशिवाय सही करू नका. पक्का खरेदी करार हातात असेल तर आपली बँकही त्यावर पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्यापूर्वीचं निर्यात कर्ज, देते, ते आधी पाहा.

प्रमाणपत्र मिळालं की सगळा माल विकला जाईल?

नाही. हे आधी स्पष्ट सांगितलं नाही तर सभासदांची निराशा होते. प्रमाणपत्र म्हणजे फक्त विकण्याची परवानगी. खरेदीदार तुम्हालाच शोधावा लागतो, आणि बहुतेक संघटनांचा मालाचा काही हिस्साच त्या अटीवर जातो. खरेदीदारही बुडतो: ब्रिटनमधली १९७९ पासूनची ट्रेडक्राफ्ट ही जुनी, नावाजलेली कंपनी जानेवारी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एकाच ग्राहकावर निम्म्याहून जास्त माल अवलंबून ठेवू नका.

म्हणून आमचा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. आधी एक खरेदीदार, त्याचं लेखी पत्र आणि अंदाजे प्रमाण. मग शुल्क भरा.

समोरचा खरंच प्रमाणित आहे का, ते कसं तपासायचं?

प्रत्येक प्रमाणित संस्थेला ‘फ्लो आयडी’ नावाचा क्रमांक असतो. तो मागा आणि फ्लोसर्टच्या संकेतस्थळावरच्या शोध रकान्यात टाका. नाव, पीक आणि प्रमाणपत्राची स्थिती जुळली पाहिजे. डब्ल्यूएफटीओच्या सभासदांची यादीही खुली आहे. खोक्यावरच्या शिक्क्याशेजारी बाण असेल तर अर्थ असा की पदार्थात अनेक घटक आहेत किंवा तो मिश्र साठ्यातून आला आहे. तपशील पाकिटाच्या मागे असतो.

सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

द्राक्षवाल्यांनी खरड छाटणी उरकल्यावर, मे-जूनमध्ये. तेव्हा दप्तराला वेळ असतो आणि मागच्या हंगामाचे हिशोब अजून आठवतात. जूनमध्ये सभासद यादी आणि क्षेत्र, जुलैत औषधांच्या यादीची पडताळणी, ऑगस्टमध्ये सर्वसाधारण सभा आणि ठराव. गोडी छाटणीला टोळ्या येण्यापूर्वी मुकादमांबरोबर बसून उक्त्याचे रेट आणि उचलीची वही ठरवा. पहिलं ऑडिट काढणीच्या दिवसांत ठेवायला सांगा. पॅकहाऊस चालू असताना आणि टोळी बागेत असतानाच ऑडिटरला खरं चित्र दिसतं. विणकरांनी लग्नसराईची गर्दी ओसरल्यावर तासांची वही सुरू करावी आणि ती किमान तीन साड्या पूर्ण होईपर्यंत चालवावी. एका साडीवरून काढलेली सरासरी नक्षी बदलली की चुकते.